लाइट, नाइट, डिलाइट: इंग्रजीतले जुळणारे शेवट आणि त्यांची खरी-खोटी नाती

फूड, गुड आणि ब्लड. स्पेलिंग बघितलं तर तिघांच्या शेवटी दोन ओ आणि एक डी. डोळ्यांना ती सख्खी भावंडं वाटतात. मोठ्याने म्हणून पाहा, तिघं तीन दिशांना जातात. पहिल्यात दीर्घ ऊ, दुसऱ्यात ऱ्हस्व उ आणि तिसऱ्यात चक्क अ.

भाचीच्या गृहपाठात यमक जुळणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी करायची होती. तिने फूडच्या खाली गुड आणि ब्लड लिहून टाकलं. वही परत आली तेव्हा दोन्हींवर लाल फुली. "मामा, शेवटची तिन्ही अक्षरं सारखी आहेत ना? मग चुकलं कुठे?" प्रश्न रास्त होता. खरं सांगायचं तर तिचं उत्तर चुकलेलं नव्हतंच, त्याला काही शतकं उशीर झाला होता.

जुन्या इंग्रजीत या तिन्ही शब्दांत एकच स्वर होता, लांबवलेला ओ. गुडचा उच्चार तेव्हा साधारण 'गोड' असा व्हायचा. आपल्या 'गोड'शी त्याचा काडीचाही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. पण लक्षात ठेवायला बरा. पुढे सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. भाषाशास्त्रात याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हणतात, आपण स्वरांचं मोठं स्थलांतर म्हणू. या स्थलांतरात ओ सरकून ऊ झाला आणि तिघांचा उच्चार फूड, गूड, ब्लूड असा झाला. इथवर यमक शाबूत.

मग फाटाफूट झाली. ब्लूडमधला ऊ लवकर आखूड झाला. त्याच सुमारास इंग्रजीतले बरेचसे ऱ्हस्व उ बदलून अ होत होते. कट आणि बट या शब्दांत आज जो अ ऐकू येतो, तो तसाच आलेला आहे. ब्लडला ती गाडी मिळाली. गूडही आखूड झाला, पण उशिरा. तोवर ती गाडी सुटलेली, म्हणून तो उ वरच थांबला. फूड मात्र आखूड झालाच नाही. तिघं एकाच गाडीतून निघालेले प्रवासी, उतरले वेगवेगळ्या स्टेशनांवर.

स्पेलिंगचं काय झालं? विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरमध्ये इंग्लंडचा पहिला छापखाना थाटला. छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू एकसारखी होऊन गोठत गेली आणि नेमके त्याच काळात उच्चार वितळत होते. इंग्रजी स्पेलिंग हा म्हणूनच जुना फोटो आहे. माणूस बदलला, फोटो तोच. लव्ह आणि मूव्ह, कम आणि होम या जोड्या कागदावर जुळतात आणि कानाला जुळत नाहीत, त्यांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच. इंग्रजीत त्यांना डोळ्यांचं यमक म्हणतात.

यमक नेमकं कशाला म्हणायचं

इथे मराठी माणसाची दोन्हीकडून फसगत होते. आपल्याकडे लिहिलेलं आणि बोललेलं बहुतेक एकच असल्यामुळे शेवटची अक्षरं जुळली की यमक जुळलं, असा आपला सरळ हिशोब. इंग्रजीत आधी आघात शोधावा लागतो. शब्दातल्या ज्या स्वरावर जोर पडतो, तिथपासून शेवटपर्यंतचा सगळा आवाज सारखा असला पाहिजे आणि त्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं असलं पाहिजे.

म्हणून सिंग आणि किंग हे यमक, पण सिंगिंग आणि मेकिंग हे यमक नाही. दोन्हींच्या शेवटी 'इंग' आहे खरा, पण जोर सिंग आणि मेक वर आहे आणि तिथे काहीच जुळत नाही. उलट शू, टू, ब्लू, थ्रू यांची स्पेलिंगं एकमेकांची तोंडंही पाहत नाहीत, पण कानाला ते पक्के जुळतात. यादी करायची तर डोळे मिटून करावी, हे भाचीला पटलं. अडचण अशी की डोळे मिटून लिहिता येत नाही, हेही तिने लगेच ऐकवलं.

हे तांत्रिक झालं. मला त्याहून रस आहे तो दुसऱ्याच प्रश्नात: शेवट जुळले तर अर्थही जुळतात का? याचं एक उत्तर नाही. कधी दोन शब्द खरोखर एका रक्ताचे असतात, कधी शेजारी राहून एकमेकांसारखे दिसायला लागलेले असतात, आणि कधी नुसत्या आवाजाच्या ओढीने एका टोळीत सामील झालेले असतात.

लाइट आणि हलका

नाइट, लाइट, राइट, साइट, ब्राइट, माइट, फाइट. इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाने या शब्दांतल्या जी-एचला मनातल्या मनात शिव्या घातलेल्या असतात. उच्चारात नाही तर लिहायचं कशाला? कारण एके काळी तो उच्चारात होता. घसा खाकरताना निघतो तसा घासलेला ख. नाइट तेव्हा साधारण 'निख्त' असा म्हटला जायचा. जर्मन माणूस रात्रीला अजूनही 'नाख्ट' म्हणतो, लॅटिनमध्ये 'नोक्त' हे रूप होतं आणि संस्कृतात 'नक्तम्'. इंग्रजांच्या घशातून तो ख हळूहळू विरून गेला. जाताना मागचा स्वर लांबवून गेला, म्हणजे 'नीट' झाला. मग स्वरांच्या स्थलांतरात ई चा आइ होऊन आजचा 'नाइट'.

हा जी-एच ज्यांच्यात आहे त्या शब्दांच्या मागे गेलं की मराठी वाचकाला वाटेत ओळखीचे चेहरे भेटतात. एट म्हणजे आठ, संस्कृत अष्ट. डॉटर म्हणजे दुहिता. राइट म्हणजे मुळात सरळ, आणि त्याच्या कुळात संस्कृतातला 'ऋजु' आहे. सगळ्यात गंमत लाइटची. हे खरं तर दोन शब्द आहेत, अपघाताने एकसारखे झालेले. उजेड या अर्थाचा लाइट ज्या मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृतातला चमकणे या अर्थाचा 'रुच्' धातू आला. रुची, रुचणे, रोचक हे सगळं त्याचंच गोत. वजनाने कमी या अर्थाचा लाइट मात्र 'लघु'चा भाऊबंद आहे. त्या लघुकापासून प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन आपला 'हलका' झाला. 'लाइट वेट म्हणजे हलकं वजन' असं आपण भाषांतर म्हणून सांगतो, तेव्हा एका शब्दाचा अर्थ त्याच्याच दूरच्या चुलतभावाकडून सांगत असतो.

मुका के लावलेला नाइट, म्हणजे सरदार, हाही या रांगेतलाच. तो के पूर्वी मुका नव्हता. शब्दाचा मूळ अर्थ मुलगा, पोऱ्या, चाकर. इंग्रजीत त्या पोऱ्याला घोडा मिळाला, चिलखत मिळालं, किताब मिळाला. जर्मनमधला त्याचा भाऊ 'क्नेख्ट' मात्र गडीच राहिला.

आता या रांगेतला घुसखोर पाहा: डिलाइट. हा फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन. घासलेल्या ख शी याचा कधीच संबंध नव्हता आणि बराच काळ तो जी-एचशिवाय सुखाने लिहिला जात होता. सोळाव्या शतकाच्या आसपास लोकांना वाटलं, आवाज लाइटसारखा आहे तर स्पेलिंगही तसंच असायला हवं. दिला जी-एच चिकटवून. डिलाइटमध्ये लाइट आहे, म्हणून आनंद म्हणजे मनातला उजेड, असं कुणी भारावून सांगू लागलं तर ऐकायला छान आहे; खरं नाही.

तोच जी-एच ओ-यूच्या मागे आला की आणखी गोंधळ. टफ आणि कॉफमध्ये त्याचा फ झाला, कारण मागचा स्वर ओठ गोल करून म्हटला जायचा आणि गोल ओठांतून घासलेला ख सहज फ कडे घसरतो. दो आणि थ्रूमध्ये तो विरला. झाडाच्या फांदीला बाउ म्हणतात, तिथेही विरला, पण स्वर तिसराच देऊन गेला. चार अक्षरांच्या एका शेवटाचे एवढे उच्चार, आणि यांतलं टफ व कॉफ हेसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. ही यादी पाठ करण्याला माझ्या मते पर्याय नाही. कारण कळलं की राग कमी होतो, एवढंच.

शेजाऱ्याचं पाहून

डिलाइट एकटा नाही. कुड, वुड, शुड हे तीन शब्द आपण एका दमात म्हणतो. तिघांतही न बोलला जाणारा एल आहे. वुड हा विलचा भूतकाळ आणि शुड हा शॅलचा, त्यामुळे त्या दोघांच्या घरात एल वडिलोपार्जित आहे. पूर्वी तो बोललाही जायचा. कुड मात्र कॅनचा भूतकाळ. कॅनमध्ये एल कुठे आहे? कुठेच नाही. जुन्या लिखाणात कुड एलशिवायच सापडतो. पण दिवसरात्र वुड आणि शुड यांच्या संगतीत वावरायचं म्हटल्यावर साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकात त्यालाही एल लागला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इतकी चपखल बसावी असं इंग्रजी व्याकरणात दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

याहून मोठी फसवणूक मेल आणि फीमेल यांची. फीमेल हा शब्द मेलच्या आधी काहीतरी जोडून झाला, असंच सगळ्यांना वाटतं; त्यावर वादही घातले जातात. प्रत्यक्षात दोघांचं मूळ वेगळं आहे. मेल आला लॅटिन 'मास्कुलस'वरून, फ्रेंचमधून झिजत झिजत. फीमेल आला 'फेमेल्ला'वरून, म्हणजे छोटी बाई, मुलगी. फ्रेंचमध्ये तो 'फेमेल' असा होता. चौदाव्या शतकात इंग्रजांनी दोन शब्द जोडीने वापरता वापरता दुसऱ्याचा शेवट पहिल्यासारखा करून टाकला. यमकाने नातं दाखवलं नाही, ते बनवलं.

एका मुळाची माणसं

खरी नातीही भरपूर आहेत. त्यांतली सगळ्यात कंटाळवाणी म्हणजे शन ने संपणारे शब्द: नेशन, स्टेशन, एज्युकेशन. लॅटिन क्रियापदापासून भाववाचक नाम करायचा तो साचा आहे, त्यातून हजारो शब्द बाहेर पडले. जोर नेहमी शनच्या आधीच्या स्वरावर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. नेस, लेस, फुल हेही असेच कारखान्याचे शिक्के.

फर ने संपणारे शब्द मात्र थांबून बघण्यासारखे आहेत. रेफर, प्रेफर, ट्रान्सफर, इन्फर, कन्फर. मूळ लॅटिन 'फेर्रे', म्हणजे वाहून नेणे. हा धातू आणि संस्कृतातला 'भृ' एकाच मुळाचे. आपला 'भार' तिथूनच आला. रेफर म्हणजे मागे नेणे, प्रेफर म्हणजे पुढे नेऊन ठेवणे, ट्रान्सफर म्हणजे पलीकडे नेणे, कन्फर म्हणजे एकत्र आणणे. संस्कृत शिकताना हार-परिवार सगळ्यांनाच भेटलेला असतो: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. फरचं कुटुंब अगदी तसंच चालतं. हारची चावी ज्याच्या खिशात आहे त्याला फर उघडायला वेगळी चावी लागत नाही.

याच मुळातून ऑफर, सफर आणि डिफर हेही आले. सफर म्हणजे इथे सोसणे, प्रवास नव्हे. पण हे तिघं रेफरशी जुळत नाहीत, कारण यांच्यात जोर पहिल्या स्वरावर आहे. रक्त एक, यमक नाही. डिलाइटच्या बरोबर उलटं. याचा एक रोकडा उपयोगही आहे. भूतकाळ करताना रेफर्डमध्ये आर दोनदा लिहायचा आणि ऑफर्डमध्ये एकदाच, हा नियम पाठ करून करून लोक विसरतात. जोर शेवटच्या स्वरावर असेल तर व्यंजन दुप्पट, नसेल तर एकेरी. रेफरन्स म्हणताना जोर पुढे रे वर सरकतो, म्हणून तिथे आर पुन्हा एकच. कानाला विचारलं की स्पेलिंग बरोबर येतं, असं इंग्रजीत क्वचितच घडतं. हे त्यांतलं एक ठिकाण.

साइड ने संपणाऱ्या शब्दांत जरा जपून चालावं लागतं. सुइसाइड, होमिसाइड, पेस्टिसाइड यांत लॅटिन 'कायदेरे' आहे, म्हणजे कापणे, मारणे. साचा इतका तयार आहे की राफाएल लेमकिन या कायदेपंडिताला १९४४ साली वंशसंहारासाठी शब्द हवा होता, तेव्हा त्याने ग्रीक 'गेनोस'ला हा शेवट जोडून जेनोसाइड बनवला. आता याच घरात डिसाइड आहे हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पण आहे. डिसाइड म्हणजे मुळात छाटून वेगळं करणे. उरलेले पर्याय कापून टाकले की जो राहतो तो निर्णय. आपणही भांडणावर 'तोड' काढतो. मग कोइन्साइड? त्यातही काही कापलं जातं का? नाही. तो 'कादेरे' म्हणजे पडणे यातून आला, एकाच वेळी येऊन पडणे. अॅक्सिडेंट त्याचा भाऊ. शेवट तोच, घर वेगळं. खात्री करायची असेल तर शब्दकोशात व्युत्पत्ती बघण्याला पर्याय नाही.

आवाजाचीच ओढ

आता या विषयातला माझा सगळ्यात लाडका कोपरा.

हे शब्द एकामागून एक म्हणून पाहा: मंबल, ग्रंबल, रंबल, टंबल, स्टंबल, फंबल, क्रंबल, जंबल. पुटपुटणे, कुरकुरणे, गडगडणे, कोलमडणे, अडखळणे, चाचपडणे, चुरा होणे, सरमिसळ. सगळ्यांत काहीतरी अस्पष्ट आहे, तोल गेलेला आहे, हातातून सुटलेलं आहे. 'अंबल' असा कुठलाही धातू नाही, प्रत्ययही नाही. हे शब्द ठिकठिकाणांहून आलेत. तरी एका स्वभावाचे आहेत.

किंवा हे: बंप, लंप, हंप, रंप, स्टंप, क्लंप, प्लंप. टेंगूळ, गोळा, उंटाचं मदार, ढुंगण, झाडाचा बुंधा, झुपका, गुबगुबीत. भाचीने हे शब्द ऐकताना आपोआप मूठ वळली होती आणि प्रत्येक शब्दाला ती टेबलावर ठेवत होती. तिने अर्थ विचारले नव्हते. प्लंप डच बाजूने आला, रंप स्कँडिनेव्हियाकडून, बंप बहुधा आवाजाच्या नकलेतून. तिघांची गावं वेगळी, पण तिघंही गोल आणि जड.

क्रॅश, स्मॅश, बॅश, स्प्लॅश, स्लॅश, क्लॅश, लॅश यांचंही तसंच. वेगाने येणे, आदळणे, फुटणे. यांतल्या कित्येकांचा उगम कोशकारांना धड सांगता येत नाही. 'बहुधा ध्वनीवरून' एवढंच लिहून ते मोकळे होतात.

आवाज आणि अर्थ यांची ही जवळीक जॉन वॉलिसच्या लक्षात आली होती. हा वॉलिस म्हणजे अनंताची आडव्या आठसारखी खूण गणितात आणणारा. १६५३ साली त्याने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमधून, आणि त्यात अशा ध्वनींच्या गटांची नोंद केली. पुढे १९३० साली जॉन रूपर्ट फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने याला 'फोनेस्थीम' हे नाव दिलं. मराठीत ध्वनिभाव म्हणता येईल. प्रत्ययासारखा तो सुटा करता येत नाही. क्रॅशमधून अॅश काढला तर मागे उरलेल्या 'क्र'ला काही अर्थ राहत नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात तो काम करत असतो.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची खरं तर गरजच नाही. गडगडाट, कडकडाट, खणखणाट, लखलखाट, झगमगाट, घमघमाट, सुळसुळाट, ठणठणाट. एखादा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तरी 'आट' कानावर पडला की काहीतरी जोरात, भरभरून चाललंय हे कळतं. आपल्याकडे तो बऱ्यापैकी प्रत्यय आहे, इंग्रजीतला अॅश तेवढा शिस्तीचा नाही. पण कानाला होणारी जाणीव त्याच जातीची. आणि वाट, खाट, ताट या शब्दांना ती जाणीव लागू पडत नाही, हेही आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

इंग्रजीतही तेच. अॅश म्हणजे राख, तिच्यात काहीही आदळत नाही. कॅश पेटीवरून आला, पैसे ठेवायची पेटी. सॅश अरबीतून आला, पागोट्याच्या तलम कापडावरून. पत्त्यांतला हुकूम, म्हणजे ट्रंप, हा ट्रायंफचा झिजलेला अवतार; त्यात गोलाई शोधू नये. आणि अंबलच्या टोळीत साळसूदपणे बसलेला हंबल हा लॅटिन 'हुमिलिस'. 'हुमुस' म्हणजे जमीन, तिच्या जवळचा तो नम्र. मूळ शब्दात ब नाही. म नंतर लगेच ल म्हणायचा तर ओठ सुटताना मधे ब आपोआप फुटतो, तोच पुढे स्पेलिंगमध्ये गेला. मंबलमधला ब ही असाच मागाहून आलेला. ताम्रचं तांबं आणि आम्रचा आंबा होताना आपल्या ओठांनीही हेच केलं. जगभरचे ओठ सारखेच आळशी.

या शब्दांच्या शेवटच्या ल बद्दल एक गोष्ट राहिली. इंग्रजीत क्रियापदाला हा ल लावला की ती क्रिया बारीक होते आणि पुन्हा पुन्हा होते. स्पार्क म्हणजे ठिणगी, स्पार्कल म्हणजे चमचमणे. क्रॅक म्हणजे एकदाच तडकणे, क्रॅकल म्हणजे तडतडणे. डेझ म्हणजे सुन्न करणे, डॅझल म्हणजे डोळे दिपवणे. ट्विंकल, टिंकल, स्प्रिंकल यांतही तीच बारीक आवर्तनं. हे काम मराठी ल लावून करत नाही, शब्द दुप्पट करून करते: चमचम, तडतड, लुकलुक, किणकिण, पुटपुट, कुरकुर. ट्विंकलचा अर्थ 'चमकणे' असा लिहिलेला दिसला की मला हळहळ वाटते. चमकते ती वीज. तारे लुकलुकतात.

चुकीच्या जागी तोडलेले

शेवटांना अर्थ चिकटायची ही प्रक्रिया अजून थांबलेली नाही, आणि ती चालते बेधडक. मॅरेथॉन हे ग्रीसमधल्या एका ठिकाणाचं नाव. त्याचे तुकडे पडत नाहीत. तरी कुणीतरी शेवटचा 'थॉन' तोडला आणि त्याला 'दमछाक होईपर्यंत लांबलेलं काहीही' असा अर्थ बसला: टेलिथॉन, हॅकेथॉन, वॉकेथॉन. अल्कोहोल अरबी 'अल कुह्ल'वरून आला, कुह्ल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. त्यापासून अल्कोहोलिक, आणि तिथून 'ओहोलिक' मोडून घेऊन वर्कोहोलिक. तुकडा तोडणाऱ्याने शब्द कुठे जुळतो हे बघितलं नाही, कुठे मोडतो एवढंच बघितलं. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट नावाच्या इमारतीत १९७२ साली विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसखोरी झाली, ते प्रकरण अमेरिकेच्या अध्यक्षांना भोवलं, आणि तेव्हापासून कुठल्याही भानगडीच्या शेवटी 'गेट' लागतं. मूळ शब्दातल्या गेटचा भानगडीशी काहीएक संबंध नव्हता.

ज्या शब्दांना यमकच नाही, असेही काही आहेत. मंथ, सिल्व्हर, आणि सगळ्यात बदनाम ऑरेंज. तो मुळात आपल्याकडचा नारंग. फारसी, अरबी, स्पॅनिश अशी मजल मारत फ्रेंचपर्यंत पोचता पोचता पुढचा न गळाला आणि उरला ऑरेंज. रोजच्या इंग्रजीत त्याच्याशी जुळणारा एकही शब्द नाही. मात्र वेल्समध्ये एक डोंगर आहे, ब्लॉरेंज नावाचा. तो जुळतो, आणि अगदी पक्का जुळतो.

हे मी भाचीला सांगितलं. पुढच्या आठवड्याच्या यादीत तिने ऑरेंजसमोर ठळक अक्षरात ब्लॉरेंज लिहिलं. वही परत आली, लाल फुलीसकट. फुलीखाली तिने पेन्सिलीने लहानसा डोंगर काढून ठेवला आहे.